जुन्या बी३५० बोर्डावर नवा प्रोसेसर आणि नवे ग्राफिक्स कार्ड : प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२५, रविवार (गुढीपाडवा)

डोंबिवलीच्या घरातला हा संगणक मी २०१७ च्या दिवाळीत सुटे भाग आणून स्वतः जुळवला होता. रायझेन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ प्रकारची १६ जीबी रॅम (८ जीबीच्या दोन पट्ट्या), ६ जीबीचे जीटीएक्स १०६० कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) आणि २४० जीबीची साटा एसएसडी असा त्याचा संसार आहे. साडेसात वर्षांत एक पंखा आणि एक हार्ड डिस्क बदलण्यापलीकडे त्याने काही मागितले नाही.

आज काम सुरू करण्याची कारणे दोन आहेत. पहिले उघड आहे: नवे खेळ १०८० पी वरही आता ओढत ओढत चालतात. दुसरे कारण तारखेचे आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार आहे आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत रायझेनची पहिली पिढी नाही. म्हणजे खेळ बाजूला ठेवले तरी प्रोसेसर या वर्षात बदलावाच लागणार होता, आणि प्रोसेसर बदलायचाच आहे तर कार्डाचाही विचार त्याच वेळी करणे शहाणपणाचे.

मदरबोर्ड, रॅम आणि कॅबिनेट तेच ठेवायचे व एकूण खर्च ५०,००० रुपयांच्या आत बसवायचा, एवढी अट घालून घेतली आहे. नव्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा नवा प्रकार) जायचे म्हटले की बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही नवी घ्यावी लागते आणि कार्डासाठी हातात फारसे काही उरत नाही.

२ एप्रिल २०२५, बुधवार

काही विकत घेण्याआधी सध्याची स्थिती मोजून ठेवली. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ या २०१८ च्या खेळातील अंगभूत चाचणी मला यासाठी सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती प्रोसेसरची धाव आणि कार्डाची धाव वेगवेगळी मोजते आणि किती टक्के वेळ कार्ड मागे पडले हेही सांगते. १०८० पी आणि सर्वोच्च दर्जा ठेवल्यावर सेकंदाला सरासरी ५८ फ्रेम मिळाल्या आणि कार्ड ९९ टक्के वेळ मागे होते. त्याच अहवालात प्रोसेसरची सरासरी मात्र १०० च्या आसपास दिसते. म्हणजे आज अडवणारे कार्ड आहे, पण कितीही मोठे कार्ड आणले तरी हा प्रोसेसर या खेळात शंभरीच्या पुढे जाऊ देणार नाही. हा आकडा लिहून ठेवतो. कार्ड बदलल्यावर तो खरा ठरतो का ते पाहायचे आहे.

‘सिटीज : स्कायलाइन्स’मध्ये चित्र अगदी उलट आहे. दीड लाख वस्तीचे माझे शहर उघडले की कार्डाचा वापर ५५ टक्क्यांवर रेंगाळतो, फ्रेम पंचविशीत येतात आणि वेग तिप्पट केला तरी घड्याळ रांगतेच. तेथे कार्ड बदलून काडीचाही फरक पडणार नाही. कोणता भाग बदलावा या प्रश्नाचे उत्तर खेळागणिक बदलते, आणि माझा निम्मा वेळ शहरे वसवण्यात जात असल्याने प्रोसेसरच्या निवडीत काटकसर करायची नाही असे ठरवले.

६ एप्रिल २०२५, रविवार

आजचा दिवस पूर्णपणे कागदावर गेला. प्रत्येक निवडीला जुन्या बोर्डाची परवानगी लागते, त्यामुळे सुरुवात तेथूनच केली.

माझ्या बोर्डावरील एएम४ सॉकेटचे आयुष्य अपेक्षेपेक्षा बरेच लांबले. रायझेन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा ३०० मालिकेतील चिपसेट तिच्यासाठी अधिकृत नव्हते. ती परवानगी एएमडीने मार्च २०२२ मध्ये जाहीर केली आणि बोर्ड बनवणाऱ्यांनी त्यानंतर बायोसच्या (बोर्डातल्या मूळ आज्ञावलीच्या) आवृत्त्या दिल्या. माझ्या बोर्डाच्या आधार-यादीत आता ५००० मालिका दिसते.

दोन प्रोसेसरांचा विचार केला. रायझेन ५ ५६०० हा सहा गाभ्यांचा (कोअर), ६५ वॅटचा, ३२ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरमधली जलद मेमरी) आणि सोबत पंखा मिळणारा स्वस्त पर्याय आहे. रायझेन ७ ५७००एक्स३डी हा जानेवारी २०२४ मध्ये आलेला आठ गाभ्यांचा प्रोसेसर आहे आणि त्याची एल३ कॅश ९६ एमबी आहे, कारण मूळ ३२ एमबीच्या डोक्यावर ६४ एमबीचा आणखी एक थर चिकटवलेला आहे. त्याचा कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे ५६०० च्या ४.४ पेक्षा कमी आहे. तरीही हजारो वाहने आणि माणसे यांचा हिशेब सतत ठेवणाऱ्या खेळात प्रोसेसरचा बराच वेळ रॅमकडून माहिती येण्याची वाट पाहण्यात जातो आणि मोठी कॅश नेमकी ती वाट कमी करते. माझी रॅमही जुनीच राहणार असल्याने हा गुण मला दुप्पट मोलाचा वाटला. ५७००एक्स३डी ठरवला. त्याच्या कागदावरील १०५ वॅटमुळे बोर्डाच्या वीजपुरवठ्याच्या भागाची थोडी काळजी होती, पण तेथे धातूचा हीटसिंक आहे आणि खेळताना हा प्रोसेसर त्या आकड्याच्या बराच खाली राहतो.

कार्डाच्या बाबतीत बोर्डाची मर्यादा अधिक जाचक ठरली. बी३५० वर पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांमधल्या माहितीच्या वाटेची, तिसरी पिढीच मिळते. नव्या प्रोसेसरला चौथी पिढी चालत असली तरी बोर्ड त्याला खाली ओढतो. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही दोन्ही कार्डे या वाटेच्या सोळापैकी आठच लेन वापरतात. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्याने फारसे बिघडत नाही, पण तिसऱ्या पिढीवर आठ लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी इतकीच वाट उरते, आणि कार्डाची ८ जीबी मेमरी भरून माहिती रॅममध्ये सांडू लागली की तीच अरुंद वाट झटक्यांच्या रूपाने जाणवते. सोळा लेन वापरणारे आणि १२ जीबी मेमरीचे कार्ड हवे, असा निष्कर्ष काढला. नव्यात आरटीएक्स ३०६० त्यात बसते. जुन्या बाजारात आरएक्स ६७०० एक्सटी जवळपास त्याच पैशांत आणि बऱ्याच अधिक ताकदीचे मिळते. नव्याची हमी की जुन्याची ताकद, यात मी ताकदीकडे झुकलो, तेही कार्ड ओळखीच्या माणसाकडून मिळत होते म्हणून.

१२ एप्रिल २०२५, शनिवार

सकाळी मुलुंडला सहकाऱ्याकडे जाऊन कार्ड पाहिले. २०२२ चे बिल त्याच्याकडे होते. मागच्या स्क्रूंवर पाना लागल्याच्या खुणा नव्हत्या, पंखे हाताने फिरवल्यावर खरखरले नाहीत, कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये मॉडेल आणि मेमरीचे आकडे बिलाशी जुळले. अर्धा तास पूर्ण भार दिल्यावर चिपचे तापमान ६९ आणि सर्वांत तप्त बिंदूचे ८७ अंश होते. या दोहोंतील अंतर तीस-पस्तिसावर गेले असते तर चिप आणि हीटसिंक यांमधली उष्णता वाहणारी पेस्ट सुकली आहे असे समजून किंमत पाडली असती. व्यवहार २०,००० रुपयांना झाला.

तेथून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. प्रोसेसर, ६५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस आणि चार नळ्यांचा उभा कूलर घेतला, कारण एक्स३डी प्रोसेसरच्या डब्यात पंखा येत नाही. दुकानदाराने “साहेब, या पैशात थोडी भर घातली तर नवा बोर्डच घ्या ना,” असे दोनदा सुचवले. त्याची ‘थोडी भर’ कागदावर मांडली तेव्हा ती वीस हजारांच्या पुढे गेली.

१३ एप्रिल २०२५, रविवार

आज फक्त कार्ड आणि एसएमपीएस बदलले. प्रोसेसर मुद्दाम जुनाच ठेवला, कारण दोन्ही भाग एकदम बदलले आणि संगणक सुरू झाला नाही तर चूक कोठे शोधायची हे कळत नाही.

प्रथम सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने जुन्या कार्डाचे, म्हणजे एनव्हिडियाचे, ड्रायव्हर मुळासकट काढले. मग एसएमपीएस. नव्या कार्डाला ८ आणि ६ पिनांचे असे दोन जोड लागतात आणि जुन्यात ग्राफिक्ससाठी एकच तार होती, त्यामुळे तो टाळता येण्याजोगा खर्च नव्हताच. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या तारा कॅबिनेटमध्ये आधीच बांधलेल्या होत्या आणि त्याच नव्याला जोडण्याचा मोह झाला होता. हे कधीही करू नये: एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना सर्वांची सारखी नसते आणि चुकीच्या पिनवर १२ व्होल्ट गेले तर डिस्क किंवा बोर्ड जागीच जळतो. सर्व तारा काढून नव्या ओवल्या. दोन तास त्यातच गेले.

कार्ड २६७ मिलिमीटर लांब आहे आणि हार्ड डिस्कचा पिंजरा त्याच्या वाटेत येत होता. पिंजरा चार स्क्रूंवर होता म्हणून निभावले. रिव्हेट असते तर ड्रिल आणावे लागले असते.

संध्याकाळी तीच चाचणी पुन्हा घेतली. सरासरी ९६ फ्रेम, आणि कार्ड मागे पडण्याचे प्रमाण ९९ वरून ६ टक्क्यांवर. २ एप्रिलच्या अहवालातील शंभराचा अंदाज जवळपास जसाच्या तसा उतरला. तरी प्रत्यक्ष खेळताना समाधान नाही, कारण सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा वेग ५४ इतकाच आहे आणि गर्दीच्या प्रसंगात चित्र अडखळते. शहराच्या खेळात तर अपेक्षेप्रमाणे काहीच हलले नाही.

१९ एप्रिल २०२५, शनिवार

बायोस अद्ययावत केला. २०१८ च्या आवृत्तीवरून थेट ताज्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही. उत्पादकाने मध्ये एक टप्पा सांगितला आहे आणि तो ओलांडल्यावर मागे परतता येत नाही असा इशाराही दिला आहे. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून दोन्ही फायली वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. आमच्याकडे एप्रिलमध्ये वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून यूपीएस पूर्ण चार्ज असल्याची खात्री केली आणि पहाटे सहाला काम उरकले. हे काम जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करावे लागते, कारण नवा प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखताच येत नाही आणि माझ्या बोर्डावर प्रोसेसरविना बायोस भरण्याची सोय नाही.

दुसऱ्या टप्प्यानंतर पडद्यावर बूट करण्याजोगी डिस्क नसल्याचा संदेश आला आणि क्षणभर घाम फुटला. कारण साधे निघाले. नव्या बायोसने सर्व सेटिंग मूळपदावर आणताना सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय, बंद केली होती. आणि माझी एसएसडी २०१७ पासून एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली होती. सीएसएम चालू केल्यावर विंडोज उघडले. पण ही उधारी आज ना उद्या फेडावीच लागणार होती, कारण सिक्युअर बूट (फक्त विश्वासू प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) आणि रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) या दोहोंसाठी सीएसएम बंद हवे.

सर्व महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत नेणारे विंडोजमधलेच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आधी केवळ तपासणीपुरते चालवले. ते अडले. या साधनाला तीनपेक्षा जास्त प्राथमिक विभाजने चालत नाहीत आणि माझ्या डिस्कवर चार होती. चौथे पूर्वीच्या एका प्रयोगातील लिनक्सचे रिकामे घर होते. ते पुसल्यावर रूपांतर दोन मिनिटांत झाले. मग सीएसएम कायमचे बंद केले.

२० एप्रिल २०२५, रविवार

प्रोसेसर बदलण्याचा दिवस. एएम४ मध्ये पिना सॉकेटमध्ये नसून प्रोसेसरच्या पोटाशी असतात, एकूण १,३३१. कूलर सरळ वर ओढला आणि साडेसात वर्षांची पेस्ट सिमेंटसारखी धरून बसली असेल, तर सॉकेटची दांडी बंद असतानाही प्रोसेसर उपटून वर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच ही चाचणी चालवून पेस्ट मऊ केली, संगणक बंद करून तार काढली, चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल केले आणि कूलर वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच पिळत राहिलो. पाचव्या-सहाव्या वेळी तो सुटला. प्रोसेसर जागेवरच होता.

फजिती झाली ती दुसऱ्याच ठिकाणी. जुना कूलर बोर्डाच्या मागच्या पट्टीत थेट स्क्रूने बसतो, त्यामुळे स्क्रू निघताच ती पट्टी मागच्या बाजूने सुटून कॅबिनेटमध्ये पडली. आणि नवा कूलर त्या पट्टीवर न बसता बोर्डासोबत येणाऱ्या दोन प्लॅस्टिकच्या पकडींना आकड्याने अडकतो, ज्या मी २०१७ मध्ये काढून ठेवल्या होत्या. कोठे, ते आठवेना. अखेर माळ्यावर बोर्डाचा मूळ खोका सापडला आणि त्यात पकडी, चारही स्क्रू आणि न फोडलेल्या दोन साटा तारा निघाल्या. गेल्या दोन दिवाळ्यांच्या आवराआवरीत आई तो खोका रद्दीत द्यायला निघाली होती आणि दोन्ही वेळा मी “असू दे गं” म्हटले होते. आज तिला ते सांगितल्यावर, माळ्यावरचे उरलेले अकरा खोके मात्र जाऊ देत असे तिने सुनावले.

सोन्याचा त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवून नवा प्रोसेसर ठेवला. तो स्वतःच्या वजनाने बसला, म्हणजे सर्व पिना सरळ आहेत. पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी. कूलर अडकवताना कॅबिनेट आडवे ठेवले, कारण मागची पट्टी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने स्क्रू लावणे उभ्या कॅबिनेटमध्ये जमत नाही.

सुरू केल्यावर पहिल्या बूटला जवळपास मिनिटभर पडदा काळा होता. रॅमची जुळणी चालू असते, घाई करून बटण दाबू नये. मग नवा प्रोसेसर बसवल्यामुळे एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी) नव्याने सुरू करायचे का असे बोर्डाने विचारले. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) असेल आणि त्याची रिकव्हरी की जवळ नसेल, तर येथे ‘वाय’ दाबून माणूस स्वतःच्याच डिस्कबाहेर राहू शकतो. माझ्याकडे बिटलॉकर बंद असल्याचे मी काल तपासले होते, म्हणून दाबले.

२२ एप्रिल २०२५, मंगळवार

जी रॅम ३२०० ची म्हणून घेतली होती आणि जुन्या प्रोसेसरवर २६६६ च्या वर कधी स्थिर राहिली नाही, ती आज एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवण्याची सेटिंग) चालू करताच ३२०० वर गेली आणि रात्रभर चाललेल्या मेमटेस्टमध्ये एकही चूक निघाली नाही. दोष रॅमचा नसून पहिल्या पिढीच्या मेमरी कंट्रोलरचा होता, हे साडेसात वर्षांनी सिद्ध झाले. रिसायझेबल बार चालू केला. विंडोज ११ ची तपासणी आता हिरवी दाखवते.

चाचणी: सरासरी १५१ फ्रेम, संथ एक टक्का १०४, कार्ड मागे पडण्याचे प्रमाण ९३ टक्के. शहराच्या खेळात पंचविशीचे ४३ झाले आणि तिप्पट वेग खरोखरच तिप्पट वाटू लागला. मला स्वतःला पहिल्या आकड्यापेक्षा या दुसऱ्याचे अप्रूप अधिक आहे.

२६ एप्रिल २०२५, शनिवार

संध्याकाळी वीज गेली आणि यूपीएसने एक लांब शिटी मारून तत्क्षणी मान टाकली. संगणक धाडकन बंद. बॅटरी गेल्या वर्षीच बदललेली, म्हणून प्रथम तिच्यावर संशय आला. मग हिशेब केला आणि चूक माझी निघाली. ६०० व्हीएच्या या यूपीएसची खरी क्षमता ३६० वॅट आहे. भिंतीच्या प्लगला वॉटमीटर लावून पाहिले तर भर खेळात संगणक ३७५ आणि मॉनिटर २५, असे ४०० वॅट जात होते. जुन्या कार्डासह हाच आकडा २४० च्या आत असे, म्हणून इतकी वर्षे कधी लक्षात आले नाही. प्रोसेसर, कार्ड, एसएमपीएस यांचे सगळे आकडे मी जुळवले आणि टेबलाखालची पेटी विसरलो.

मोठा यूपीएस घेण्याआधी एक स्वस्त उपाय करून पाहिला. माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे. त्यावर १५१ फ्रेम दिसण्याचा प्रश्नच येत नाही. फ्रेमची मर्यादा ७२ वर बांधताच एकूण वापर मॉनिटरसह २५५ वॅटवर आला. मुद्दाम मुख्य बटण बंद करून तीनदा तपासले. यूपीएसने तिन्ही वेळा भार पेलला.

४ मे २०२५, रविवार

खोलीत दुपारी ३४ अंश असतात. खेळताना प्रोसेसर ७४ पर्यंत जातो आणि सिनेबेंचमध्ये ८६ गाठतो. या प्रोसेसरची मर्यादा ९० आहे, म्हणून मे महिन्यात थोडी मोकळीक हवीशी वाटली. कॅशचा थर वर असल्याने उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि वेग वाढवण्याची मुभाही यात बंद आहे, पण व्होल्टेज कमी करता येते. बायोसमध्ये त्यासाठीची कर्व्ह ऑप्टिमायझर ही सोय दिसत नसल्याने विंडोजमधील एका छोट्या साधनाने सर्व गाभ्यांना उणे २० दिले. सिनेबेंचचे तापमान ७९ वर उतरले, गुण कमी झाले नाहीत. हे साधन प्रत्येक वेळी संगणक सुरू झाल्यावर पुन्हा चालवावे लागते, म्हणून टास्क शेड्युलरमध्ये टाकले. कार्डाचे व्होल्टेजही एएमडीच्या अ‍ॅड्रेनालिन या ड्रायव्हर-साधनातून १,२०० वरून १,१४० मिलिव्होल्टवर आणले. १,१२० वर एका खेळात ड्रायव्हर कोसळला होता.

११ मे २०२५, रविवार

विंडोज ११ काल चढवले. दोन दिवसांत एकही अडचण नाही.

एकूण खर्च ४९,६०० रुपये झाला. जुने १०६० कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस, त्याच्या स्वतःच्या तारांसह, नाशिकच्या भाच्याला दिले; त्याच्या संगणकात आजवर कार्डच नव्हते. रायझेन १६०० नव्या प्रोसेसरच्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून बोर्डाच्या खोक्यात ठेवला आहे आणि त्याच खोक्यात जुना कूलर आहे. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: बायोसची आवृत्ती, पेस्ट लावल्याची तारीख, एक्सएमपीचा आकडा, आणि ‘तारा फक्त याच एसएमपीएसच्या’ अशी ओळ. खोका परत माळ्यावर गेला. उरलेले अकरा आईने शुक्रवारी रद्दीत दिले.